जुन्या घराला गारवा : आधी कौले, मग एसी

उन्हाळा लागला की पनवेलच्या पटेल मोहल्ल्यात, कच्छी मोहल्ल्यात आणि आसपासच्या तळोजे, बारापाडा, उरण भागातील जुन्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. घर मोठे आहे, छप्पर उंच आहे, भिंती हात-दीड हात जाड आहेत, तरीही उकाडा सहन होत नाही. "पूर्वी असे नव्हते," असे वडीलधारी मंडळी सांगतात. मग आखातात नोकरीला असलेला मुलगा पैसे पाठवतो, दुकानातून एसी येतो, दिवाणखान्याच्या भिंतीला भोक पडते आणि दोन महिन्यांनी विजेचे बिल पाहून घरात वाद सुरू होतो. वादाचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : हे जुने घर आता पाडलेलेच बरे.

हा निर्णय घाईचा आहे, असे आम्हाला वाटते. त्यात घरमालकाचे नुकसान आहे आणि आमच्या सुतार, गवंडी, वायरमन व एसी दुरुस्ती करणाऱ्या बांधवांचेही आहे. म्हणून प्रस्तुत लेखात मोठे, जुने घर गार कसे ठेवावे आणि त्यातून रोजगार कसा उभा राहू शकतो, याचा विचार आम्ही करीत आहोत.

उकाड्याला कोणी हलके समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच तालुक्यात, खारघरच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तेथे लोक भर उन्हात बसले होते, हे खरे. पण वृद्ध, आजारी माणसे आणि तान्ही मुले यांना घरातली कोंडलेली उष्णताही सोसत नाही. घरातली आई रात्रभर झोपू शकत नसेल तर तिला "जुन्या घराची शान" सांगून उपयोग नाही. तिला गारवा मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो कोणत्या मार्गाने मिळावा.

घराने काय गमावले?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही असेच एक घर पाहिले. तीन भावांचे सामाईक, पुढे ओटी व पडवी, मध्ये चौक, त्याच्या मागे माजघर आणि वर माळा. दिवाणखान्यात दीड टनाचे दोन एसी चालू होते आणि म्हातारी आई मात्र पडवीत चटई टाकून झोपत होती, कारण तिला तेथेच बरे वाटत होते! आम्ही घरभर फिरलो तेव्हा कारण समजले. पावसाचे पाणी येते म्हणून चौकावर फायबरचे पत्रे टाकले होते. मागच्या बाजूची कौले उतरवून तेथे लोखंडी पत्रे बसवले होते. माळ्याच्या दोन्ही टोकांचे झरोके कबुतरांच्या त्रासाने विटा लावून बंद केले होते. भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट होता. यातली प्रत्येक दुरुस्ती चांगल्या हेतूने झाली होती. पण सगळ्या मिळून त्यांनी घराचा श्वास बंद केला होता.

कौलारू घर थंड राहण्याची एक साधी रीत आहे. गरम हवा हलकी होऊन वर चढते. ती आढ्याजवळच्या फटींतून, कौलांच्या सांध्यांतून आणि माळ्याच्या झरोक्यांतून बाहेर पडते. तिच्या जागी पडवी आणि खालच्या खिडक्यांतून सावलीतली हवा आत ओढली जाते. चौक हा या व्यवस्थेचा धुराडा असतो. तो झाकला की गरम हवा घरातच कोंडते. फायबरच्या पत्र्यातून ऊन आत येते, पण ती उष्णता बाहेर जात नाही. लोखंडी पत्रा तर दुपारी हात लावू देत नाही आणि ती सगळी उष्णता खाली माणसांच्या डोक्यावर ओततो. मातीचे कौल जाड असते, सावकाश तापते आणि त्याच्या सांध्यांतून हवा खेळते. मंगळुरी कौलांचे कारखाने १८६०च्या दशकात मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन व स्विस मंडळींनी सुरू केले आणि ती कौले पुढे सगळ्या किनारपट्टीवर पसरली. त्याआधी नळीची कौले होती. सारा कोकण कौलांखाली राहिला, तो उगाच नव्हे.

देशावरचा उपाय कोकणात चालत नाही

पुणे, नगर, औरंगाबादकडील पाहुणे आपल्याला कूलरचा सल्ला देतात. वाळ्याचे पडदे भिजवा, असेही सांगतात. तिकडची हवा कोरडी असते. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषते आणि हवा गार होते. पनवेलला खाडी जवळ, समुद्र जवळ. मे महिन्यात हवेत आधीच भरपूर दमटपणा असतो. त्यात कूलर लावला तर तो खोलीत आणखी ओलावा भरतो. अंगाचा घाम वाळत नाही, भिंतींना ओल येते, लाकूड फुगते.

दुसरा फरक रात्रीचा. देशावर दिवस कितीही तापला तरी रात्री हवा बरीच उतरते. जाड भिंतीचा आणि माळवदाचा वाडा रात्रभर थंड होतो आणि दुसऱ्या दुपारपर्यंत तो गारवा पुरवतो. कोकणात मे महिन्यात दिवस-रात्रीच्या तापमानात इतका मोठा फरक नसतो. म्हणून आपल्याकडे नुसत्या जाड भिंतीवर भागत नाही. कोकणातील घराचा खरा आधार म्हणजे सावली आणि वाहती हवा. दुपारनंतर खाडीकडून, पश्चिमेकडून जो वारा येतो तो घरातून आरपार गेला पाहिजे.

मुरुडला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या जंजिऱ्याच्या नवाबांच्या राजवाड्याकडे पाहावे किंवा आपल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके यांच्या वाड्याकडे. एक संस्थानिकाचे घर, दुसरे गावातल्या कुटुंबाचे. दोघांचा थाट वेगळा, पण उन्हाला दूर ठेवायचे आणि वाऱ्याला आत घ्यायचे, हा हिशेब एकच.

एसी का हरतो?

एसीचा "टन" हे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ही क्षमता आहे. ती तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट इतकी भरते. दुकानदार खोलीची लांबी-रुंदी विचारतो आणि टन सांगतो. हा ठोकताळा नऊ-दहा फूट उंचीच्या, वर स्लॅब असलेल्या बंद खोलीसाठी आहे.

आता हिशेब पाहू. १८ फूट लांब व १५ फूट रुंद खोलीचे छत १० फुटांवर असेल तर आत २,७०० घनफूट हवा मावते. त्याच मापाचा कौलारू दिवाणखाना भिंतीशी १० फूट आणि आढ्याशी १८ फूट असेल तर सरासरी उंची १४ फूट होते आणि हवा भरते सुमारे ३,८०० घनफूट. शिवाय ती हवा तेथे थांबत नाही. कौलांच्या फटींतून, दारांच्या बिजागऱ्यांतून, तक्तपोशीच्या सांध्यांतून बाहेरची दमट हवा सतत आत येत राहते. एसीला ती हवा गार करावी लागते आणि तिच्यातले पाणीही काढावे लागते. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर यांनी आधुनिक एसीचे पहिले यंत्र आखले, तेच मुळी छापखान्यातील हवेचा ओलावा काबूत ठेवण्यासाठी. कोकणात एसीची बरीच शक्ती या पाण्यावरच खर्च होते. फटी असलेल्या खोलीत कॉम्प्रेसरला विश्रांतीच मिळत नाही.

दीड टनाचा एसी अखंड चालला तर तासाला अंदाजे दीड युनिट वीज घेतो. रात्रीचे आठ तास धरले तर १२ युनिट, महिन्याला ३६०. तोच इन्व्हर्टर एसी नीट बंद केलेल्या लहान खोलीत जवळपास निम्म्या विजेत काम करतो. साधा ७५ वॅटचा छताचा पंखा आठ तासांत पाऊण युनिटही घेत नाही आणि नवा बीएलडीसी पंखा त्याच्याही निम्म्याहून कमी घेतो. महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० व ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. एकदा वरची पायरी गाठली की पुढचे प्रत्येक युनिट महाग पडते. म्हणून "एक एसी पुरत नाही, दुसरा लावू" हा मार्ग खड्ड्यात नेणारा आहे.

कामांचा क्रम

जुन्या घरात पुढील क्रमाने कामे करावीत, असे आमचे सांगणे आहे.

पहिले काम छपराचे. मार्च-एप्रिलमध्ये कौले उतरवून झाडावीत, फुटलेली बदलावीत, कुजलेल्या रिपा व वासे बदलावेत. मंगळुरी कौले सगळ्या कारखान्यांची एकाच मापाची नसतात. नवी आणताना जुन्याचा नमुना सोबत न्यावा, नाहीतर खाचा जुळत नाहीत आणि पहिल्याच पावसात पाणी शिरते. कौले उतरवलेली असतानाच वाशांवर चकाकणारे उष्णतारोधक पापुद्र्याचे कापड ताणून घ्यावे आणि चकाकती बाजू खाली, माळ्याकडे ठेवावी. कापड आणि कौले यांच्यामध्ये दोन-तीन बोटे हवेची जागा सोडावी आणि आढ्याजवळ वाट मोकळी ठेवावी. कौलांची धग खाली उतरत नाही आणि एखादे कौल सरकले तरी पाणी थेट घरात येत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हा दुसरा फायदाही लहान नाही.

दुसरे काम हवेच्या वाटांचे. माळ्याचे झरोके उघडावेत आणि कबुतरांसाठी त्यांना बारीक जाळी बसवावी. चौकावर छप्पर हवेच असेल तर ते पाखांपेक्षा दीड-दोन फूट उंच उचलून चारही बाजूंनी उघडे ठेवावे, म्हणजे पाऊस अडतो आणि हवा निघून जाते. पडद्यासाठी खिडक्या कायम बंद ठेवण्याचा रिवाज काही घरांत आहे. तेथे लाकडी जाळी किंवा झडपांची दारे लावावीत. पडदाही राहतो, वाराही येतो.

तिसरे काम सावलीचे. पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडू देऊ नये. पडवी वाढवावी, बांबूचे चिक बाहेरच्या बाजूने सोडावेत. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, चिक ते दाराबाहेरच अडवतो.

चौथे काम भिंतींचे. चुन्यात किंवा मातीत बांधलेली जुनी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. तिला सिमेंट आणि ऑइलपेंट फासला की ओल आतच अडकते, पापुद्रे सुटतात, वास येतो आणि खोलीचा दमटपणा वाढतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी हवी. हे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत. ज्यांना येते त्यांनी ते मुलांना शिकवावे.

ही चार कामे झाल्यावर प्रत्येक खोलीत चांगला पंखा लावून एक उन्हाळा काढून पाहावा. अनेक घरांना पुढे काही लागणार नाही.

एसी लावायचाच तर

घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर एसी ही चैन नव्हे. पण सगळे घर गार करण्याचा हट्ट सोडावा. एकच खोली निवडावी. दिवाणखाना नको. तळमजल्यावरची, मध्यभागातली, जिच्यावर माळा आहे अशी माजघराची खोली उत्तम, कारण तिच्या डोक्यावर ऊन नाही. तिची तक्तपोशी सांधे भरून बंद करावी, तिच्यावर माळ्याच्या बाजूने उष्णतारोधक थर अंथरावा, दारा-खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावाव्यात. जुने सागवानी दार फेकून देण्याची गरज नाही. सुताराने अर्ध्या दिवसात ते नीट बसवून दिले की पुरे.

बाहेरचे यंत्र चौकात कधीही ठेवू नये. ते गरम हवा फेकते आणि चौक तीच हवा बाकीच्या खोल्यांना वाटतो. ते मागीलदारी, सावलीत व मोकळ्या हवेत ठेवावे. पाण्याची नळी जोत्यापासून दूर सोडावी. आपल्या हवेत एका रात्रीत बादलीभर पाणी निघू शकते. ते तुळईच्या टोकावर किंवा पाटावर ठिबकले तर दोन पावसाळ्यांत लाकूड कुजते आणि वाळवीला आमंत्रण मिळते. पाइपसाठी खांबाला किंवा तुळईला भोक पाडू नये, भिंतीतून किंवा खिडकीच्या वरच्या तावदानातून वाट काढावी. उद्या एसी काढला तर घर जसे होते तसे राहिले पाहिजे.

तापमान १८ वर ठेवण्याची सवय सोडावी. १ जानेवारी २०२०पासून भारतात विकले जाणारे एसी मुळात २४ अंशांवर लावून येतात. प्रत्येक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. २६ अंश आणि मंद पंखा यात सुखाने झोप लागते.

लाकूड, वायर आणि आग

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी सांगत आहोत. जुन्या घरांत लाकडी पट्टीतून गेलेली पन्नास वर्षांपूर्वीची वायर आजही सापडते. तिच्यावर एसी चालवणे म्हणजे वाशांना काडी लावण्यासारखे आहे. मीटरपासून एसीपर्यंत स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, योग्य एमसीबी, गळती होताच वीज तोडणारे यंत्र आणि पक्के अर्थिंग, एवढे नसेल तर मेकॅनिकने एसी लावण्यास नकार द्यावा. आजच्या अनेक एसींत आर-३२ वायू असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे. पाइप जोडताना ज्योत लाकडाजवळ नेऊ नये, जोडकाम अंगणात करावे आणि पाण्याची बादली व वाळू जवळ ठेवावी.

थंडीचे काय?

पनवेलच्या थंडीला चार गोधड्या पुरतात. उत्तरेच्या खिडक्या रात्री लावल्या की काम झाले. गरम पाण्यासाठी तांब्याच्या बंबाच्या जागी सोलर हीटर बसवता येतो. मात्र तो कौलांवर न ठेवता मागच्या पक्क्या बांधकामावर ठेवावा, कारण भरलेल्या टाकीचे वजन जुने वासे पेलत नाहीत. ज्यांची कामे महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत चालतात त्यांनी एक लक्षात ठेवावे. तेथे शेकोटीच्या भिंतीतले धुराडे अनेकदा बुजवलेले असते. ते साफ केल्याशिवाय आग पेटवू नये आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

दुबईने काय दाखवले?

आमची हजारो मुले आखातात गेली आणि तेथले एसी पाहून आली. पण त्याच दुबईत खाडीकाठी अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती बांधली. त्यांच्या घरांवर उंच, चौकोनी वाऱ्याचे मनोरे आहेत. त्यांना तेथे बरजील म्हणतात, इराणात यझ्द शहरात बादगीर. वरचा वेगाने वाहणारा वारा पकडून तो खाली बैठकीत सोडायचा, ही त्यांची युक्ती. दुबईची हवाही दमट. तेथेही अंगावरून वारा गेला की घाम वाळतो आणि गार वाटते. आपल्या पडवीचे आणि पंख्याचे तत्त्व हेच. इजिप्तचे वास्तुशिल्पी हसन फतही यांनी १९४०च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे मातीचे गाव बांधताना कैरोच्या जुन्या घरांतील अशाच वाऱ्याच्या झरोक्यांना पुन्हा मान मिळवून दिला. आपल्या बापजाद्यांची विद्या मागासलेली नव्हती, हे सांगायला आम्हाला बाहेरच्या दाखल्यांची गरज पडू नये, पण पडते खरी.

कारागिरांनी काय करावे?

जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाड्यांच्या चाकांची नोंद आहे. घाटावरून येणारे गाडीवान येथून चाके घेऊन जात. तो धंदा गेला, लाकूडकामाचा हात मात्र राहिला. आज त्या हाताला जुन्या घरांत काम आहे, पण ते सुटे सुटे मिळते. सुतार एका दिवशी येतो, वायरमन दुसऱ्या आठवड्यात, एसीवाला दोघांचे काम फोडून जातो. सुतार, गवंडी, वायरमन आणि एसी मेकॅनिक अशा चौघांनी एकत्र यावे. फेब्रुवारीत घराची पाहणी करावी, कामाचा क्रम आणि अंदाजपत्रक लेखी द्यावे, मृगाआधी काम पुरे करावे आणि दरवर्षी देखभालीचा करार करावा. पाडलेल्या घरांतील धड कौले, सागवानी दारे, जाळ्या साठवून ठेवल्या तर तोही एक व्यापार आहे. मुलांना आयटीआयच्या रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घालावे आणि सुटीत बापाबरोबर छपरावरही चढवावे. दोन्ही विद्या एका हातात आल्या तर त्या मुलाला कामाची वाण पडणार नाही, इन्शाअल्लाह.

विक्रेत्या बांधवांना एक विनंती. गरजेपेक्षा मोठा एसी विकल्याने नफा वाढतो, पण मोठा साधा एसी खोली झटपट गार करून बंद पडतो, हवेतला ओलावा तसाच राहतो आणि ग्राहकाला चिकट गारवा मिळतो. फटी न बुजवता दुसरा एसी विकणे तर त्याहून वाईट. टन हेही एक मापच आहे. मापात लबाडी करणाऱ्यांबद्दल कुरआनने काय बजावले आहे, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

२०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, जमिनीचे भाव चढले आणि जुन्या घरांच्या दारात बिल्डरच्या गाड्या थांबू लागल्या. कोणी घर विकावे की ठेवावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण "उकडते म्हणून पाडले" हे कारण तरी खरे असावे. ज्या घराचा उल्लेख आम्ही वर केला, तेथील भावांनी चौकावरचे पत्रे काढले, झरोके उघडले आणि एक एसी काढून दुसरा आईच्या माजघराच्या खोलीत बसवला. मागची कौले पुढच्या वर्षी चढवायची आहेत. घर विकायचे की नाही, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही. पण आई आता आत झोपते. सूरह नहलमध्ये घर आणि सावली या दोन्ही गोष्टी अल्लाहच्या देणग्यांत मोजल्या आहेत. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी आधी त्या सांभाळून पाहाव्यात.